हद्दीवरची लिली

आमच्या नर्सरीत कुणी “लिली द्या” म्हणालं की मी त्याला आधी खुर्ची देते. गुलाब मागणारा उभ्या उभ्या निघतो. तुळस मागणारी तर ऑटो चालू ठेवूनच आत येते. लिलीचं काम मात्र उभ्यानं होत नाही, कारण आपल्याला नक्की कोणती लिली पाहिजे हे त्या माणसाला माहीत नसतं, आणि सांगितलं तर पटत नाही.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच माझी ही नर्सरी आहे. आता कारभार सुनेकडे दिलाय आणि मी हिरव्या जाळीखाली बसून गिऱ्हाइकांना ‘नाही’ म्हणायचं काम करते. “काकू, हे रोप आमच्याकडं येईल का?” “नाही.” “मग हे?” “हे तर मुळीच नाही.” सून म्हणते, आई, तुम्ही आहात म्हणून माल शिल्लक राहतो. मी म्हणते, मी आहे म्हणून गिऱ्हाईक परत येतं. दोघींचंही खरं आहे.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. कांद्यातून उगवणारं, लांब पानांचं आणि जरा बरं फूल देणारं जे काही असेल, त्याला आपल्याकडे लिलीच म्हणतात. रस्त्याच्या दुभाजकात पांढऱ्या पायांची असते ती स्पायडर लिली. मे महिन्यात लाल चेंडू काढते ती फुटबॉल लिली. जाड दांड्यावर लाल कर्णे येतात ती अमॅरिलिस. गवतासारख्या पानांतून मधेच फूल काढणारी, बुटकी, ती रेन लिली. आता गंमत अशी की शास्त्राच्या हिशोबानं यातली एकही खरी लिली नाही. खरी लिली म्हणजे लग्नाच्या स्टेजवर आणि मोठ्या माणसांच्या सत्कारात असते ती. तिच्या कंदाला साल नसते, सोललेल्या लसणासारख्या पाकळ्या असतात. तिच्यात एशियाटिक म्हणून एक घराणं आहे, रंग झकास पण वास नाही. ओरिएंटलला घमघमाट आहे पण नखरेही तेवढेच. या दोघींचे आणि आणखी कुणाकुणाचे संकर आहेत, ते फोटोत फार सुंदर दिसतात. पांढरी, लांब तोंडाची एक मूळ जात आहे, ती त्यातल्या त्यात आपलं ऊन सोसते. पण सोसते म्हणजे किती, तर दिवाळीनंतर लावा, थंडी संपता संपता फूल बघा, फोटो काढा आणि तिला विसरा. मार्चच्या उन्हात कंद मऊ पडतो तो पडतोच. हे सगळं मी आधी सांगते, गिऱ्हाईक मान डोलावतं, आणि पुढच्या वर्षी येऊन म्हणतं, “तुमचा कांदा काही परत उगवला नाही बुवा.”

त्यात आपली काळी माती. कपाशीला चांगली, पण कंदाला ती गिळून टाकते. पाणी धरून ठेवते आणि सोडत नाही. म्हणून मी प्रत्येकाला मुरूम मिसळा, वाळू मिसळा, वाफा उंच करा असं बजावते. माणसं मुरूम मिसळतात, वाफाही उंच करतात आणि मग प्रेमानं पाणी घालून घालून कंदाचा जीव घेतात. लातूरच्या एका साहेबांनी माझ्याकडून फुटबॉल लिलीची कुंडी नेली. ही लिली हिवाळ्यात पानं टाकून झोपी जाते. कुंडी मोकळी दिसली तशी त्यांच्या घरच्यांनी तीत कोथिंबीर टाकली, रोज पाणी घातलं, आणि कोथिंबीर इतकी छान आली की साहेब मला जुडी घेऊन भेटायला आले. लिलीचं विचारलं तर म्हणाले, ती काही दिसत नाही हो, पण तुमची माती एक नंबर. मी ती कोथिंबीर घरी नेली. वरणात बरी लागली.

एका गोष्टीची चुटपुट मात्र अजून आहे. रेन लिलीचे नवे संकर मी फार हौसेनं मागवले होते, पिकल्या पपईच्या रंगाचे, कडेला पांढरी रेघ असलेले. एका उन्हाळ्यात बोअर आटला, टँकर वेळेवर आला नाही, आणि ते सगळे वाळून गेले. नंतर मागवले तेव्हा तो रंग मिळाला नाही. आजही कुणी पपई कापली की मला त्यांची आठवण येते.

पण सांगायचंय ते दोन जावांच्या रांगेबद्दल.

संक्रांतीनंतर एक बाई आल्या, पन्नाशीच्या, ठसठशीत. नाव अनुसयाबाई. माहेर जळकोटकडचं, सासर नांदेडात. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या,

“काकू, भितीच्या जागी लावायला काय हाय?”

“भिंतीवर चढवायला वेल पाहिजे का?”

“वेल न्हाई. भीत व्हायचीय अंगनात. मिस्त्री मोकळा न्हाई उन्हाळ्यापतूर. तवर काहीतरी लावा म्हनलं. लग्नात स्टेजवर असती बगा ती लिली, उंच. पलीकडचं दिसूच ने.”

पलीकडे कोण, असं मी विचारलं नाही, पण त्यांनी सांगितलंच. पलीकडे त्यांची धाकटी जाऊ. सासऱ्यांनी बांधलेलं एकच घर, दोन दारं, एक अंगण, एक फाटक. थोरले रेल्वेच्या ऑफिसात, धाकटे कॉलेजात शिकवायला. सासूबाई होत्या तोवर सगळं ठीक चाललं होतं. त्या गेल्या, आणि त्याच वर्षी धाकट्यांनी मोटार घेतली. मोटार अंगणात उभी राहायला लागली ती नेमकी अनुसयाबाईंच्या वाळवणाच्या जागेवर. एका सकाळी मोटार मागे घेताना चाक सांडग्यांवरून गेलं. सांडग्यांवरून बोलणं सुरू झालं ते भावाभावांच्या लहानपणापर्यंत गेलं, आणि शेवटी दोघांनी टेप लावून अंगण मोजलं आणि मधोमध चुन्याची रेघ मारली.

“आता बोलनं बंदच हाय,” अनुसयाबाई म्हणाल्या. “बरंच झालं.”

बरं झाल्यासारखं त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं.

स्टेजवरची लिली उन्हाळा काढणार नाही हे मी त्यांना सांगितलं. “बगते, घरी इचारून येते,” म्हणून त्या गेल्या. दोन-तीन दिवसांनी दुसरी एक बाई आली, चाळिशीची, कपाळाला बारीक टिकली, बोलणं नेटकं. माहेर लातूरचं, नाव मंजुषा. ही ती धाकटी जाऊ.

“काकू, आमच्या ताई येऊन गेल्या का? काय नेलं त्यांनी?”

“अजून काहीच नाही.”

“मग मला हायब्रीड दाखवा, चांगल्यातलं. आमच्या बाजूनं तरी नीट दिसू द्या. उद्या लोक म्हणतील, धाकटीला काही हौसच नाही.”

मी म्हटलं, “मंजूताई, एका रांगेला दोन बाजू कशा असतील? फूल काही तोंड फिरवून उभं राहत नाही.”

यावर ती हसली नाही. मग मी दोघींना वेगवेगळं फोन करून एकच सांगितलं. हायब्रीड नाही, स्टेजवरची नाही; आपली साधी गुलाबी रेन लिली लावायची. चिवट आहे, उन्हाला घाबरत नाही, आपली आपण पसरते, आणि फूल गुडघ्याच्या खालीच राहतं. उंच वाढत नाही म्हणून अनुसयाबाईंनी कुरकुर केली. साधी आहे म्हणून मंजूनं कुरकुर केली. पण दोघींनी मान्य केलं. मग मी आमची माणसं घेऊन गेले, चुन्याच्या रेघेवर मुरमाचा लांबलचक उंचवटा केला आणि कंद लावून दिले. निघताना दोन्ही दारांत जाऊन सांगितलं, “पाणी फार देऊ नका.” आमच्याकडे ‘फार’ म्हणजे तांब्या की टाकी हे ज्याच्या त्याच्या नळावर असतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चैत्रात अनुसयाबाई परत आल्या. या वेळी स्वतःच खुर्ची ओढून बसल्या.

“काकू, फुलं न्हाईत. नुसतं गवत माजलंय आन् खाली चिखल. घरचे म्हनून राहिले, काढून टाका ते, डास व्हायलेत. सोमवारी मिस्त्री येनार हाय. इटा बी यून पडल्यात.”

“मग होऊ दे की भिंत. तुम्हाला तीच पाहिजे होती ना?”

त्या हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या,

“कसं बी करून फुलं आना काकू. फुललेल्या झाडावर कुनी कुदळ घालीत न्हाई. भीत झाल्यावर मी भांडू कुनासंगं? आमचे हे तर बोलतच न्हाईत. सासूबाईच्या मागं ह्या घरात माझ्यासंगं तोंडाला तोंड देनारी ती एकटीच हाय.”

“मग तसं तिला सांगा.”

“मी? मी थोरली हाव.”

आणि त्यांचे डोळे भरून आले. सूनबाईला म्हटलं, दुकान बघ, मी येते. त्यांच्याबरोबरच ऑटोत बसले.

रांग बघितली आणि मला रागच आला. पानं हिरवीगार, लोळलेली, आणि उंचवट्याखाली पाय रुतेल एवढी ओल. बोट घालून एक कंद वर काढला. मऊ झाला होता आणि घाण वास मारत होता. दुसरा काढला, तोही तसाच. तिसरा जरा टणक निघाला. रेन लिलीचा स्वभाव असा की तिला उपाशी ठेवावं लागतं. माती चांगली कोरडी पडली, कंदाला वाटलं आता आपलं काही खरं नाही, आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं, की ती फूल काढते. रोज थोडं थोडं मिळालं तर ती कशाला फुलेल? ती नुसती पानं काढून मजेत बसते, आणि त्याहून जास्त झालं तर कुजते.

“पाणी कधी घालता?” मी विचारलं.

“पहाटं. नळ आला की. एक बादली.” मग जरा थांबून, “दोन.”

दोन बादल्यांनी एवढा चिखल होत नाही. नांदेडच्या उन्हाळ्यात दोन बादल्या दुपारपर्यंत कुठे जातात ते कळतही नाही. मी पलीकडच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, “मंजूताई, जरा बाहेर या.”

मंजू कणकेचे हात घेऊन बाहेर आली. मला बघितलं, जावेला बघितलं, आणि रेघेच्या आपल्या बाजूला उभी राहिली.

“तुम्ही पाणी घालता का याला?”

तिनं बोटांची कणीक खरवडली. मग हळूच म्हणाली, “संध्याकाळी. पाईप लावून.”

“का?”

“ताई घालत नसतील असं वाटलं. त्यांची कंबर दुखते, बादली कुठं उचलणार त्या. आणि वाळून गेलं असतं तर सगळे म्हणाले असते, धाकटीनं वाळवलं.”

“अगं बाई!” अनुसयाबाईंनी कपाळावर हात मारला. “मी रोज पहाटं बगायची, माती वली. म्हनलं, काय गुनाची माती हाय, माझं कालचं पानी अजून टिकून हाय!”

“मला पण तसंच वाटलं.”

“मग तू कामून सांगितलं न्हाईस?”

“तुम्ही बोलत होतात का माझ्याशी?”

“तू बोलत व्हतीस?”

आणि सुरू झाल्या. सांडगे निघाले, मोटार निघाली, कुठल्याशा बारशातली साडी निघाली. मी रांगेच्या कडेला हातात कुजका कांदा घेऊन उभी. भांडण जोरात होतं, पण बंद पडलेलं यंत्र चालू झाल्यावर बरं वाटतं तसं मला ते ऐकून बरं वाटलं. शेवटी मीच ओरडले, “अहो, गावात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही दोघी मिळून कांदे बुडवून राहिलात! लाज वाटू द्या जरा.” त्यावर आधी मंजू हसली. मग अनुसयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग त्यांना थांबताच येईना.

इलाज मी सांगितला. कुजके कंद काढून टाका, माती मोकळी करा, आणि आता पाणी पूर्ण बंद. चांगली भेगाळेपर्यंत बंद. मग एके दिवशी जोराचा पाऊस पडल्यासारखं भिजवा. नळाच्या पाण्यावर पावसाइतकी फुलं येत नाहीत, पण येतात.

“आन् सोमवारचा मिस्त्री?” अनुसयाबाई म्हणाल्या.

मंजूनं जरा विचार केला. “ताई, नव्या भिंतीला रोज पाणी मारावं लागतं. नाहीतर ती तडकते. एवढं पाणी या दिवसांत आणायचं कुठून?”

“हाव की!” अनुसयाबाईंचा चेहरा उजळला. “तू तुझ्या नवऱ्याला सांग. मी माझ्याला सांगते. पर दोघींनी ठरवलंय म्हनून कळू देऊ नको.”

दोन घरांत एकाच संध्याकाळी एकच वाक्य बोललं गेलं, आणि दोघा भावांना ते आपापल्याच बायकोचं शहाणपण वाटलं. मिस्त्रीला पावसाळा संपल्यावर या म्हणून कळवलं.

खरी परीक्षा पाणी न घालण्याची होती. ज्या बाईनं जन्मभर झाडाला पाणी घातलंय तिला सुकलेलं पान बघवत नाही. दोघींचा एकमेकींवर विश्वास नव्हता. संध्याकाळी अनुसयाबाई आपल्या पायरीवर येऊन बसायच्या, मंजू पाईप काढते की काय ते बघायला. पहाटे नळ आला की मंजू आपल्या पायरीवर बसायची, ताईंची बादली कुठं जाते ते बघायला. एक बसली की दुसरीही यायची, आणि बसायचंच तर रिकामं कशाला, म्हणून एक मेथी निवडायला घ्यायची, दुसरी कॉलेजच्या पोरांच्या उत्तरपत्रिकांवरच्या गुणांची बेरीज करून द्यायची, नवऱ्याला मदत म्हणून. आणि मेथी निवडताना तोंड बंद ठेवणं मराठवाड्यात कुणालाही जमत नाही. हे मला दोघींनी फोनवर सांगितलं, वेगवेगळं, आणि प्रत्येकीनं दुसरीला आपण कसं पकडलं तेही सांगितलं.

वैशाखात त्यांनी रांग भिजवली. एकीची टाकी, दुसरीच्या बादल्या. आठवडा-दहा दिवसांत मंजूचा फोन आला, “काकू, बोटाएवढ्या लालसर कळ्या!” मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. कुजलेल्या जागी खिंडारं पडली होती, रांग काही सरळ राहिली नव्हती, पण जिथं कंद होते तिथं गुलाबी फुलं नुसती दाटली होती. मी इतकी वर्षं ही फुलं विकतेय, पण त्या सकाळी मला फार आनंद झाला. थोरले भाऊ हातात चहाचा कप घेऊन रेघेपाशी उभे होते.

“काकू, किती दिवस टिकतं हे?” त्यांनी विचारलं.

“फूल दोन दिवस. कंद पुष्कळ वर्षं.”

पलीकडे धाकटे मोटार पुसत होते. थोरल्यांनी माझ्याकडे बघत, पण आवाज जरा चढवून म्हटलं, “गाडी मागं घेताना सांभाळून घे म्हणावं.” धाकट्यांनी तिकडून “हाव दादा” म्हटलं. वर्षभरात दोघांचं बोलणं झालं ते एवढंच, असं मंजूनं मला नंतर सांगितलं.

पावसाळा सरला. नवरात्राच्या आधी अनुसयाबाईंचा फोन आला.

“काकू, ती रांग काढायची हाय. कशी काढायची ते दावून जावा. मिस्त्री आलाय.”

मी फोन ठेवला. एवढं करून शेवटी भिंतच व्हायची होती तर. सुनेला म्हटलं, माणसाला झाडाचं कळतं, माणसाचं कळत नाही. जावं की न जावं असं झालं, पण कंद तरी वाचवावेत म्हणून गेले. चांगलं फैलावर घ्यायचं असं ठरवूनच गेले.

फाटकातून आत शिरले तर मिस्त्री फाटकाजवळच बसलेला. घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याच्या कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही दारांसमोरून तो भिंतीसाठी आणलेल्या विटांची कडा लावत होता. आत मुरूम टाकून ठेवला होता.

“हे काय?”

“वाफा,” मंजू म्हणाली. “लिली इकडं लावायची. मधे आहे म्हणून वाळवणाला जागाच राहिली नाही. या साली सांडगे कुठं घालायचे?”

“आन् गाडी हिच्या नवऱ्यानं भाईर लावायची,” अनुसयाबाई म्हणाल्या. “तसं त्येनंच कबूल केलंय.”

दोघी खुरपी घेऊन रांगेशी समोरासमोर बसल्या होत्या. एकेका कंदाचे पाच-सहा झाले होते. अनुसयाबाई मुळासकट गड्डा उचलत होत्या, मंजू तो झटकून वेगळे करत होती, आणि “अगं, हळू, मोडशील” आणि “ताई, तुम्ही खोल घालता खुरपं” असं चाललं होतं. मी कुणाला फैलावर घ्यायला आलेय हेच विसरले. पदर खोचला, खुरपं घेतलं आणि दाखवते म्हणून त्यांच्या मधे जाऊन बसले.

थोडा वेळ गेला. मग अनुसयाबाई म्हणाल्या,

“काकू, जरा बाजूला बसा की. मधी यून राहिलात, मला मंजू दिसंना.”

मी उठले आणि बाजूला बसले.